झांकी असो की मुंज, फोनवर व्हिडिओ नीट कसा घ्यायचा: कुठलं सेटिंग ठेवायचं आणि कुठलं सोडायचं

इंदूरात अनंत चतुर्दशीची रात्र ज्यांनी बघितलीय त्यांना तो उजेड काय असतो हे सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्या गिरण्याही कधीच्या बंद, तरी गिरण्यांच्या नावाने झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले देखावे, अजून निघतात आणि अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. गेल्या वेळी आम्ही सगळे जेल रोडला उभे होतो, माझ्या आतेभावाने नवा फोन घेतला होता आणि त्याने दीड तास शूट केलं, ४के, ६० एफपीएस (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, त्यांनाच फ्रेम म्हणतात), जे जे वाढवता येतं ते सगळं वाढवून. दुसऱ्या दिवशी लोकमान्य नगरात आत्याकडे टीव्हीला लावलं तर चित्रावरून राखाडी पट्टे सरकतायत, काळ्या आभाळात रवा सांडल्यासारखे दाणे, आणि झूम केलेलं सगळं चिखल झालेलं. आत्याचे गुडघे दुखतात म्हणून ती आली नव्हती, तिच्यासाठीच तर घेतलं होतं. ती एवढंच म्हणाली, "अरे पण गणपतीचं तोंड दिसतच नाहीये."

तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असलं की मी आदल्या दिवशी पोरांना बसवून हे सगळं सांगतो, आता म्हटलं लिहूनच टाकू.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कॅमेऱ्यात कुठलंच सेटिंग फुकट मिळत नाही. फ्रेम वाढवल्या की उजेड कमी पडतो, रेझोल्यूशन वाढवलं की जागा जाते आणि फोन तापतो, स्टेबिलायझेशन चढवलं की चित्राच्या कडा कापल्या जातात. म्हणून आधी उजेड किती आहे ते बघायचं, मग व्हिडिओ शेवटी कशावर बघणार ते ठरवायचं, आणि मग सेटिंगला हात लावायचा. आपण बरोबर उलटं करतो.

आता ते पट्टे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ट्यूबलाइट किंवा साधा स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. हे खोटं वाटत असेल तर आत्ता उठा, फोनमध्ये स्लो मोशन लावा, २४० एफपीएस असेल तर तेच, आणि स्वयंपाकघरातल्या ट्यूबकडे धरून पाच सेकंद घ्या. परत चालवून बघा, भिंत धडधड मंद-तेज होताना दिसेल. काही बल्ब मात्र एकदम शांत दिसतात, त्यांच्यातला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा भाग, चांगला असतो. मी आमच्या घरातले सगळे बल्ब असे तपासले आणि जो शांत निघाला तो देवघराबाहेर लावला, गणपतीचे दहाही दिवस आरतीचा व्हिडिओ स्वच्छ आला.

पट्टे जातात कसे तर शटर स्पीडने, म्हणजे एकेका फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो त्याने, १/५० म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचे मंद-तेजचे पूर्ण फेरे येतात, एक किंवा दोन, त्यामुळे सगळ्या फ्रेम सारख्या उजळ. १/६० ठेवलं की एक पूर्ण आणि एक अर्धामुर्धा फेरा येतो, मग कुठली फ्रेम उजळ कुठली काळपट, आणि त्यात फोनचा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, तेच पट्टे होऊन दिसतं. ६० एफपीएसवर १/५० शटर ठेवताच येत नाही, कारण एका फ्रेमला मिळतातच १/६० सेकंद. १/१०० चालतं, पण रात्री तेवढ्यात उजेड पुरत नाही. आतेभावाचा घोळ इथेच झाला होता.

मग करायचं काय. फोनमध्ये प्रो व्हिडिओ मोड असेल तर त्यात शटर १/५० ठेवा, फार उजेड असेल तर १/१००, आणि फ्रेम रेट २५ किंवा ३०. प्रो मोड नसेल तर अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा नावाचं ॲप फुकट आहे, आयफोन आणि बऱ्याच अँड्रॉइडसाठी ब्लॅकमॅजिक कॅमेरा आहे, तेही फुकट, त्यात शटर हाताने लावता येतं. आयफोनच्या साध्या कॅमेऱ्यात सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन शो पाल फॉरमॅट्स चालू केलं की २५ एफपीएस दिसायला लागतं, आपल्या ५० हर्ट्झला तेच बसतं. पाल ही आपल्या जुन्या टीव्हीचीच पद्धत, सेकंदाला २५ चित्रं. काही एलईडी माळा इतक्या स्वस्त असतात की काहीही करा त्या झगमगतातच, तिथे माळ फ्रेमच्या मध्ये घेऊ नका, कडेला ठेवा किंवा मागे धूसर होऊ द्या.

फ्रेम रेटबद्दल अजून थोडं, कारण इथेच सगळे चुकतात. ३० एफपीएसला प्रत्येक फ्रेमला जास्तीत जास्त १/३० सेकंद उजेड मिळतो, ६० ला १/६०, म्हणजे थेट अर्धा. अर्ध्या उजेडात फोन काय करतो, आयएसओ, म्हणजे आलेला उजेड वाढवून दाखवायचं प्रमाण, दुप्पट करतो आणि त्याने दाणे येतात. आणि दाण्यांचा अजून एक तोटा आहे जो कुणी सांगत नाही. व्हिडिओ दाबून साठवताना फोन हिशेब करतो की आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, आणि दाणे तर प्रत्येक फ्रेममध्ये नवीन, मग सगळा डेटा दाण्यांवर खर्च होतो आणि चेहऱ्याच्या वाट्याला काहीच उरत नाही, चेहरा मेणाचा दिसतो. म्हणून रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जलेबा तळताना घ्यायचाय, झांकी घ्यायचीय, संध्याकाळची आरती घ्यायचीय, तर २५ किंवा ३०. दिवसा मुलं पळतायत, रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर रंगाचे फवारे वर उडतायत, कुणी लेझीम खेळतंय, तिथे ६० खुशाल ठेवा, छान दिसतं. घरच्या कार्यक्रमात मंगलाष्टकांना ६० काय करायचंय, सगळे उभेच असतात.

आता ४के. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख पिक्सेल. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख, बरोबर चौपट. आता मला सांगा, ८३ लाख म्हणजे ८.३ मेगापिक्सेल, मग दुकानात जे ५० मेगापिक्सेल, २०० मेगापिक्सेल सांगतात त्याचं व्हिडिओत काय होतं? मोठ्या आकड्यातले शेजारशेजारचे पिक्सेल फोन एकत्र करतो, ५० चे साडेबारा करून वापरतो, आणि त्यातूनच व्हिडिओ बनतो. व्हिडिओसाठी फोन घेताना मेगापिक्सेल विचारूच नका, सेन्सर केवढा ते विचारा. १/१.३ इंच, १/१.५६ इंच असं लिहिलेलं असतं, भागिले खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा, आणि मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो. दुसरं म्हणजे मुख्य लेन्सला ओआयएस, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, आहे का. या दोन गोष्टी असल्या तर ५० मेगापिक्सेलचा फोन रात्री २०० वाल्याला मागे टाकू शकतो. ८के तर सोडूनच द्या, त्याला ३३ मेगापिक्सेल लागतात, फोन लवकर तापतो, आणि घरात कुणाकडे ८के टीव्ही आहे.

४के घ्यायचं कधी? व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर बघणार असाल, किंवा नंतर कापून जवळचं काढायचं असेल तेव्हा. हा उपयोग खरंच मोठा आहे. मुंजीत तुम्ही लांब उभे, फ्रेममध्ये सगळा मांडव, नंतर वाटलं की फक्त बटू आणि त्याची आई हवी, तर ४के मधून तेवढाच भाग कापून १०८०पी करता येतो आणि तरी स्वच्छ राहतो. आणि फक्त व्हॉट्सॲपवर मावशीला पाठवायचं असेल तर १०८०पी भरपूर झालं, तिथे पोचेपर्यंत तसंही दाबलंच जाणार.

जागेचा हिशेब आधी करा, नंतर रडून उपयोग नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये तो लिहिलेलाच असतो, एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त झगझगीत दाखवणारा प्रकार, पुढे येईल) बंद असताना साधारण असा: एका मिनिटाला १०८०पी ३० एफपीएसला ६० एमबी, ४के ३० ला १७० एमबी, ४के ६० ला ४०० एमबी. म्हणजे तासाला अनुक्रमे ३.६ जीबी, १०.२ जीबी आणि २४ जीबी. अँड्रॉइडचे आकडे थोडे इकडेतिकडे पण प्रमाण तसंच. माझ्या भाच्याच्या मुंजीत मी हा हिशेब केला नव्हता, सकाळपासून ४के ६० वर घेत होतो, आणि मातृभोजनात ताई शेवटचा घास भरवत होती, भाचा तिच्याकडे बघत होता, आणि स्क्रीनवर स्टोरेज फुल. तो घास माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही, कारण सगळे म्हणत होते हा घेतोय ना. म्हणून कळकळीने सांगतोय, आदल्या रात्री किमान ४० जीबी मोकळी करा, आणि एकाच माणसावर सोडू नका.

प्रोरेज नावाचा प्रकार आयफोन प्रोमध्ये असतो, ४के ला मिनिटाला साधारण ६ जीबी खातो, १०० जीबी पंधरा-सतरा मिनिटांत संपते. एडिटिंग करणाऱ्यांसाठी उत्तम आहे, लॉग नावाचं रेकॉर्डिंगसुद्धा तसंच, रंग फिके येतात आणि नंतर बसून चढवावे लागतात. घरच्या कार्याला दोन्ही नको.

आता फॉरमॅट, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत. एच.२६४ हा २००३ चा, सगळीकडे चालतो, जुना लॅपटॉप, जुना टीव्ही, पेन ड्राइव्ह लावून बघणारे काका, सगळीकडे. एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ हा २०१३ चा, तेवढ्याच दर्जाला जवळपास अर्धी जागा घेतो, वर दिलेले आकडे त्याचेच आहेत. आयफोनमध्ये हाय एफिशियन्सी आणि मोस्ट कम्पॅटिबल असं लिहिलेलं असतं, पहिला एचईव्हीसी, दुसरा एच.२६४, त्यात ४के ३० चं एक मिनिट १७० च्या जागी ३५० एमबी होतं. माझं मत, रेकॉर्डिंग एचईव्हीसीमध्येच करा आणि ज्याला चालत नाही त्याच्यासाठी नंतर हँडब्रेक नावाच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलून द्या, तेही फुकट आहे. पण कार्य संपल्या संपल्या कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर लावायचंच आहे हे आधी माहीत असेल तर सरळ एच.२६४.

एचडीआर बंद ठेवा. हे मी अगदी ठामपणे सांगतो. २०२० च्या आयफोन १२ पासून डॉल्बी व्हिजनमध्ये रेकॉर्ड होतं, अँड्रॉइडवाल्यांकडे एचडीआर१० प्लस वगैरे असतं, तुमच्या फोनवर शालू एकदम झगझगीत दिसतो, आणि तीच फाइल दुसऱ्याच्या साध्या फोनवर किंवा कार्यालयातल्या प्रोजेक्टरवर गेली की चेहरे पांढरे फटक नाहीतर सगळं मळकट. ज्यांना बघायचंय त्यांच्या सगळ्यांकडे तसा स्क्रीन असेल तरच चालू करा.

झूम करताना एक गंमत बघा. फोनवर ३x किंवा ५x दाबलं म्हणजे टेलिफोटो लेन्स लागली असं आपण समजतो, पण उजेड कमी असला की बरेच फोन गुपचूप मुख्य लेन्सवरच राहतात आणि तेच चित्र कापून मोठं करतात. तपासायचं कसं, झूम लावून एकेका लेन्सवर बोट ठेवा. ज्यावर बोट ठेवल्यावर स्क्रीन काळी झाली ती लेन्स चालू आहे. रात्री मुख्य लेन्सच काळी झाली तर झूमला अर्थ नाही, दोन पावलं पुढे जा. वाइड लेन्स, म्हणजे ०.५x वाली, तिचा सेन्सर बहुधा लहान असतो, रात्री तिला हात लावू नका, दिवसा राजवाड्याचे सातही मजले एका फ्रेममध्ये घ्यायचे तर तीच हवी.

स्टेबिलायझेशन दोन प्रकारचं. ओआयएसमध्ये लेन्स किंवा सेन्सर खरोखर हलतो, ईआयएसमध्ये सॉफ्टवेअर चित्राच्या कडा कापून मधलं स्थिर दाखवतं. सुपर स्टेडी वगैरे जे असतं ते दुसऱ्या प्रकारचं, त्यात बऱ्याच फोनवर वाइड लेन्स वापरली जाते, दिवसा मस्त, रात्री बेकार, कारण शटर हळू असतं, हात हलला की फ्रेममध्येच दिवा लांबट होतो आणि सॉफ्टवेअर फ्रेम सरळ करू शकतं, लांबट झालेला दिवा परत गोल करू शकत नाही. मग चित्र स्थिर पण दिवे थरथरतायत असं विचित्र दिसतं. रात्री भिंतीला टेका, कोपरं छातीशी घट्ट, आणि चालू नका. झांकी तुमच्यासमोरून जातेच आहे, तुम्हाला कशाला चालायचंय.

आता होमापुढचा बटू, कारण हे दृश्य प्रत्येक घरात बिघडतं. समोर ज्वाळा, बटूच्या अंगावर पांढरं सोवळं, मागे खिडकी. फोनला वाटतं फार उजेड आहे, तो सगळं काळं करतो आणि पोराचा चेहरा जातो. चेहऱ्यावर बोट ठेवून दाबून धरा, लॉक झाल्याचं स्क्रीनवर दिसेल, मग बोट वर-खाली करून उजेड असा ठेवा की चेहरा दिसेल आणि ज्वाळेचा पिवळा रंगही टिकेल, पार पांढरी होता कामा नये. थोडं काळपट राहिलं तर नंतर उजळता येतं, पांढरं झालेलं परत येत नाही. आणि शक्य असेल तर खिडकीकडे पाठ करून उभे राहा, गुरुजींना आदल्या दिवशी विचारा बटू कुठे तोंड करून बसणार, ते आनंदाने सांगतात.

आवाजाकडे कुणी लक्ष देत नाही आणि दहा वर्षांनी तोच सगळ्यात जास्त हवा असतो, आजीचा आवाज, तिने म्हटलेलं मंगलाष्टक. घरातला एक जुना फोन एअरप्लेन मोडवर टाका, व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि गुरुजींच्या चौरंगाजवळ ठेवा, कापडावर, म्हणजे भांड्यांची आदळआपट येणार नाही. तुमचा व्हिडिओ सुरू झाला की दोन्ही फोनजवळ एकदा जोरात टाळी वाजवा, एडिट करताना ती टाळी जुळवली की आवाज बरोबर बसतो. बराच वेळ गेल्यावर ओठ आणि आवाज सरकायला लागले तर घाबरू नका, फोन फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही, अंधार झाला की कमी करतो, हँडब्रेकमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून फाइल परत काढा, बहुतेक वेळा जुळतं. ढोल-ताशा फार जवळून घेऊ नका, आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, पंधरा-वीस पावलं मागे या.

निघताना लेन्स पुसा. अगदी साधं आहे पण मी सगळ्यात जास्त बिघडलेले व्हिडिओ यामुळे बघितलेत, हळदीकुंकवाचं बोट, पोह्यांचं तेल, लेन्सवर लागतं आणि प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसतं. चष्मा पुसायचं मऊ कापड खिशात ठेवा. एअरप्लेन मोड लावा, नाहीतर नेमक्या वेळी फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबू शकतं. मे महिन्यातली लग्नं असली तर फोन उन्हात ठेवू नका, कव्हर काढा, चार्ज करता करता ४के घेऊ नका, तापला की आधी स्क्रीन मंद होते आणि मग कॅमेरा बंद पडतो. गेरला नेणार असाल तर पारदर्शक वॉटरप्रूफ पाउच घ्या, फोन पाण्यात टिकतो असं सांगणारं आयपी६८ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, ती चाचणी स्वच्छ पाण्यातली असते, गुलालाच्या पाण्यातली नाही.

आणि घरी आल्यावर झोपायच्या आधी एक काम, सगळ्या मूळ फाइल केबलने लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर काढा, आणि दुसरी कॉपी दुसऱ्या कुणाच्या घरी. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही प्रत धरूच नका. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं आणि दाबलं जात नाही. पेन ड्राइव्हवर देताना तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जाणारच नाही, आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फक्त ज्या टीव्हीला लावणार तो एक्सफॅट वाचतो का ते बघून घ्या.

यंदा आम्ही आरतीला २५ एफपीएस, १/५० शटर, १०८०पी असं ठेवलं, फोन कपाटाला टेकवून. आत्याने टीव्हीवर दोनदा लावून बघितला, दुसऱ्यांदा आरती म्हणत म्हणत.